डोंबिवलीवाले उतरा

माझं माहेर संगमेश्वरच्या आत, एस्टी जिथनं वळून माघारी जाते ते गाव. लग्न होऊन डोंबिवलीला आले ती आलेच, आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हापासून पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते, आता खांदा वर जात नाही पण पोळी गोल येते. काय सांगू ताई तुम्हाला, गावाला आमचे सगळे म्हणतात, शालू मुंबईला असते. डोंबिवली कोण म्हणत नाही. मी पण नाही म्हटलं कधी, कशाला समजावत बसा.

आणि त्यानेच घोटाळा झाला. माझी मोठी बहीण, अक्का, नवरा लवकर गेला तशी माहेरी परतलेली, आईबापाचं तिनेच केलं, आता घरात एकटी. माझं मनात ठरलेलं, केंद्र सोडलं की अक्काकडे जायचं कायमचं. ह्यांना पण सांगून ठेवलेलं, तुम्ही यायचं तर या. दुपारचं झोपायचं, ओट्यावर बसायचं, पाणी आलं का गेलं बघायचं नाही. त्याच्यावरच दिवस काढले मी. अक्काला बोलले नव्हते, म्हटलं ती थोडीच नाही म्हणणार आहे.

तर दिवाळीनंतर ती पहिल्यांदाच आली, गावच्या प्रायव्हेट बसने. शिळफाट्याला ड्रायव्हर ओरडला, डोंबिवलीवाले उतरा, ही आपली ढिम्म बसून. क्लीनरने विचारलं आजी कुठे जायचं, तर मुंबईला. मुंबईत कुठे, तर माझी बहीण असते तिथे. घ्या! ठाण्यात माजिवड्याला ते पूल नि टॉवर बघून आपणच उतरली नि मला फोन, अगो शालू, पोचले मी मुंबईला. मी पिठाच्या हातांनीच निघाले, ट्रॅफिकमध्ये जीव अर्धा झाला, वाटलं म्हातारी रडत असेल. तर ही पुलाखाली नारळांच्या पिशवीवर हात ठेवून वर बघत बसलेली. म्हणते, केवढं गो हे, एवढ्या गाड्या नि कोण कोणाला धडकत नाही! मी म्हटलं धडकतात, रोज धडकतात, चल.

घरी आली नि दिवसभर खिडकीत. आमच्या खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगचं स्वयंपाकघर, मी पडदा लावते, ती उघडते. वरच्यांचा मिक्सर, बाजूच्यांची भांडणं, माझं डोकं उठतं नि ही कान देऊन ऐकते, आज त्यांनी सुकट केली वाटतं गो. मी म्हटलं अक्के, धूळ बघ, कबुतरं बघ, केलेला रस्ता परत खणतात ते बघ, लिफ्ट सारखी बंद. तर म्हणते, बंद असली की जिन्यात माणसं भेटतात. असा राग आला मला!

त्याच रागात बोलून गेले, अक्के, मी येणार आता तुझ्याकडे कायमची. ती खिडकीतनं मागे वळली. मग म्हणाली, कुठे येतेस शालू? वाडीत सगळी कुलपं. माकडं शिरतात म्हणून मी दार लावून बसते, दिवसच्या दिवस तोंड उघडत नाही, आपलाच आवाज विसरायला होतं. मी घर बंद करून आलेय गो. मला परत नको पाठवूस.

मला रडूच फुटलं. तिच्यासाठी पण नि माझ्यासाठी पण, खोटं कशाला बोलू. हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, पाठची बहीण मी तिची.

आता असते आमच्याकडेच. जिन्यातल्या सगळ्यांची नावं तिला पाठ, मला इतक्या वर्षांत नाहीत. सुखात राहू दे तिला, देवाने तेवढं करावं. मी जाते केंद्रात, लाटते. पूर्वी खांदा भरून आला की डोळे मिटून माहेरच्या दारात जाऊन उभी राहायचे, कडी वाजवायचे, आतनं अक्का यायची. आता तसं पण जाता येत नाही ताई. दार उघडायला कोण आहे तिथे?