वारली असं मीच सांगितलं

आमचं मूळ गाव रोह्याच्या आतल्या बाजूला, भात आन् वालाची शेती, पण माझं काय शेतात मन लागलं नाय. पेणला रामवाडीत मामा व्हता, त्याच्याकडं राहून फोटो धुवायला शिकलो, मंग स्वतःचाच छोटा स्टुडिओ टाकला. लग्नाचे फोटो, पासपोर्टचे फोटो, गल्फला जाणारे लई जण यायचे तेव्हा. आन् सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन मी धरमतरच्या खाडीवर जायचो, मिठागरात कामं चालायची ती बघायला. तिथंच तो फोटो काढला. एक बाई, डोक्यावर मिठाची टोपली, कडेवर दोनेक वर्षांची पोर, मागं सगळं पांढरं. बांधाआडून काढला, तिला विचारलं नाय, नावसुद्धा नाय. तेव्हा कोण विचारतंय हो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली एक गोरा माणूस दुकानात आला, एतिएन साहेब, फ्रान्सचा. आमच्या पेणचे गणपतीचे कारखाने बघायला आला व्हता. मला वाटलं फोटोवाला असंल, पण गळ्यात कॅमेरा नाय. इंग्रजी त्याचं तुटकं, माझं त्याहून तुटकं. तो म्हणाला मी फोटो काढत नाय, मी दुसऱ्यांच्या फोटोंची पुस्तकं छापतो. फोटोंची पुस्तकं असतात हेच मला ठाऊक नव्हतं. भिंतीवर त्या बाईचा फोटो व्हता, त्याच्यापुढं तो इतका वेळ उभा राहिला की माझा चहा निवला.

मंग आठ दिवस रोज आला. माझे फोटो खाली जमिनीवर पसरायचा, आन् एकेक उचलून बाजूला ठेवायचा, म्हणायचा हा नको, ह्यात तू हुशारी दाखवतोस. काय सांगू तुम्हाला, मला फोटो काढता येत व्हता पण बघायला त्यानं शिकवलं. त्याचा बाप पाववाला, मोठा भाऊ लढाईत गेला तो परत आला नाय. पुढं त्याच्या आईला एका मासिकात भाऊ दिसला, दहा शिपायांच्यात उभा, आन् खाली नुसतं लिहिलेलं, शिपाई. आई म्हणायची ह्याला नाव व्हतं. म्हणून साहेबाचा नेम, पुस्तकात ज्याचं तोंड त्याचं मागल्या पानावर नाव, आन् पुस्तक निघालं की एक प्रत स्वतःच्या हातानं त्या माणसाला द्यायची.

मला म्हणाला बाईला विचारलंस ना? मी म्हणालो व्हय. नाव काय? मी म्हणालो पार्वती. तोंडाला आलं ते सांगितलं. एकदा धरमतरला जाऊन विचारलं असतं तर कुणीबी सांगितलं असतं. पण मला घाई झालेली, पुस्तकात माझं नाव येणार व्हतं.

दोन वर्षांनी तो पुस्तक घेऊन आला. कव्हरावर तीच बाई. म्हणाला चल, पार्वतीला देऊ. मला वाटलं, ती म्हणंल मी पार्वती नाय, मला कुणी विचारलं नाय, आन् सगळं बाहेर येईल. मी म्हणालो साहेब, ती वारली. घरची माणसं मुंबईला गेली, पत्ता नाय. तो स्टुलावर बसला, चष्मा काढला. मंग मला घेऊन मिठागरावर गेला, बांधावर हात जोडून उभा राहिला. मी त्याच्या बाजूला, मीपण हात जोडले. जिवंत बाईसाठी. जाताना तिची प्रत माझ्याकडं ठेवली, कुणी नातलग भेटला तर दे म्हणून. ती मी पेटीत तळाला घातली.

पुढं माझं नाव झालं, मुंबईत फोटो लागले, शाली मिळाल्या. साहेबाची पत्रं यायची, नवं काय काढतोस विचारायचा. पुस्तक परत छापलं त्यात त्यानं पार्वतीच्या नावाखाली लिहिलं, आता हयात नाय.

मंग त्याच्या मुलीचं पत्र आलं, बाबा गेले, शेवटपर्यंत त्यांच्या टेबलासमोर तुम्ही काढलेला फोटो व्हता. ते वाचलं त्याच राती बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली अहो, मंग शोधा तिला.

शोधायला दोन दिवस लागले बघा. एवढी वर्षं मी म्हणत व्हतो कुठं शोधणार. हिराबाई तिचं नाव. निडीला लेकीकडं राहत व्हती, रोह्याला जाताना मी शंभरदा त्या स्टेशनावरून गेलेलो. ओट्यावर वाल सोलत बसलेली. मी पुस्तक पुढं ठेवलं, म्हणालो मावशी, ही तुम्ही. तिनं स्वतःकडं बघितलंच नाय. कडेवरच्या पोरीवर बोट ठेवलं, म्हणाली ही माझी चंपी. त्याच साली तापानं गेली. आमच्याकडं तिचा फोटो नव्हता रं, मला तिचं तोंड आठवंना झालेलं.

मी सगळं सांगितलं, खोटं नाव, साहेब आलेला, मी काय बोललो ते. लेक खवळली, उठा म्हणाली आमच्या दारातनं. हिराबाईनं तिला हातानं थांबवलं, मला विचारलं, तो गोरा माणूस आला तेव्हा चंपीचा बाप व्हता ना? पाच वर्षांमागं वारला तो. मी हिशेब केला. व्हता. ती म्हणाली, लई झुरला तो पोरीसाठी, म्हणायचा डोळे मिटले की दिसत नाय. मंग म्हणाली जा आता, गाडी चुकंल.

साहेबाच्या मुलीला मी खरं लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं नाय, येईल असं वाटत नाय. निडीला अजून जातो. लेक आता चहा देते, हिराबाई बोलत नाय. देव तिला आयुष्य देवो. गेल्या खेपेला तिनं आपणहून विचारलं, पोरीचा अजून एखादा फोटो निघंल का तुझ्याकडं. मी सगळ्या जुन्या फिल्मा उजेडाला धरून बघितल्यात, एकेक. म्हणालो, नाय मावशी, एवढा एकच. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मी खरं बोलतोय का ते बघत व्हती. बघणारच हो. तिचं काय चुकलं?