नदीनची दोन मिनिटं

मर्ल : ...आणि हे ऐकून ठेव, नदीन. पन्नास वर्षांत माझी बंदूक एक क्षण माझ्या नजरेआड झालेली नाही. समितीपुढं पहिलं वाक्य हेच टाकणार आहे. बायको नजरेआड झाली, ट्रक झाला, कुत्री झाली. बंदूक नाही!

नदीन : बरं.

मर्ल : बरं काय? जरा दाद दे की. नेमबाज क्लबचा अध्यक्ष बोलतोय.

नदीन : छान आहे.

मर्ल : झोपताना उशाशी, जागेपणी कमरेला. आत्ता या विधानभवनातसुद्धा. कायद्यानं मुभा आहे आपल्याला. हे बघ, कोटाखाली, उजवीकडे, हे इथं...

नदीन : काय झालं?

मर्ल : काही नाही.

नदीन : मग कंबर का चाचपतोयस?

मर्ल : हळू बोल गं.

नदीन : नाहीये?

मर्ल : असेल ना. डावीकडे... नाही. नदीन, मी मघाशी संडासला गेलो होतो का?

नदीन : मला विचारतोस?

मर्ल : गेलो होतो. हे बघ, बसायचं म्हणजे पट्टा सोडावा लागतो. पट्टा सोडला की बंदूक खाली लोंबायला लागते. म्हणून ती काढून बाजूला, पुसायच्या कागदाचा डबा असतो ना भिंतीला, त्यावर ठेवायची. आम्ही क्लबात शिकवतो तसं. फरशीवर नाही, डब्यावर.

नदीन : आणि उठताना उचलायची, ते नाही शिकवत?

मर्ल : ते दुसऱ्या वर्गात असतं.

नदीन : जा मग. घेऊन ये.

मर्ल : आणि तेवढ्यात आपली नावं पुकारली तर?

नदीन : तर पुकारली.

मर्ल : असं कर. पुकारलं तर तू आधी जा. काय बोलायचं ते लक्षात आहे ना? म्हण बरं एकदा.

नदीन : माझं नाव नदीन. माझा नवरा क्लाइड बंदूक साफ करताना अपघातात गेला. तरीसुद्धा मी या कायद्याच्या विरोधात आहे.

मर्ल : "तरीसुद्धा" वर जोर दे. विधवेनं "तरीसुद्धा" म्हटलं की आमदारांच्या माना खाली जातात. मग पुढं?

नदीन : पुढं, घरच्यांनी जज्जाकडे जाऊन आमचा माणूस बरा नाही म्हणावं आणि पोलिसांनी त्याच्या बंदुका काढून न्याव्यात, हे क्लाइडला पटलं नसतं.

मर्ल : शाब्बास. फक्त जरा जीव ओतून म्हण. हे काय किराणा सांगितल्यासारखं?

नदीन : आता असंच येतं मला.

मर्ल : अगं, तुझ्या दोन मिनिटांवर सगळं आहे. आमचं कोण ऐकतंय? सकाळी त्या आमदार बाईला हरणाचं सुकं मांस दिलं भेट म्हणून. आपल्या क्लबातल्या एडविननं स्वतः सुकवलेलं. तिनं घरी अनाथ हरणं पाळलीयत, हे कुणाला ठाऊक! फोटो दाखवले तिनं. एकेकाचं नाव सांगून.

नदीन : हो. मी होते तिथं.

मर्ल : तर तुझ्यावर आहे सगळं. आणि क्लबनं तुझ्यासाठी काय कमी केलंय? क्लाइडच्या नावानं सोडत काढली. अख्खा तालुका आला होता.

नदीन : बंदुकीची सोडत.

मर्ल : मग कशाची काढणार? नेमबाज क्लब आहे. आणि लागली कुणाला? तुलाच!

नदीन : मी तिकीट घेतलं नव्हतं, मर्ल.

मर्ल : मी घेतलं ना तुझ्या नावानं. काय टाळ्या पडल्या होत्या! ठेवलीयस ना नीट?

नदीन : जिन्याखाली आहे. रिबिनीसकट. मी वरच्या खोलीत जात नाही आता. सोफ्यावर झोपते.

मर्ल : का? गुडघे?

नदीन : जा, तुझी बंदूक आण.

(मर्ल जातो. बऱ्याच वेळानं परत येतो, हात रिकामेच.)

नदीन : नाही मिळाली?

मर्ल : मिळाली. मला नाही. एका मास्तरला.

नदीन : कुठल्या मास्तरला?

मर्ल : शाळेची सहल आलीय. विधानभवन बघायला. मास्तर आत गेला, त्याच्या समोरच डब्यावर.

नदीन : मुलं कुठं होती?

मर्ल : बाहेर, रांगेत. मास्तर नुसता ओरडला, तर सगळी भिंतीला पाठ लावून खाली बसली. गुडघ्यात डोकी घालून. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही.

नदीन : शिकवतात शाळेत, कुणी गोळ्या झाडत आलं तर काय करायचं ते. दर महिन्याला.

मर्ल : एक चकार शब्द नाही, नदीन. एवढी एवढी पोरं. आपल्या क्लबात इतकी शिस्त नाही.

नदीन : मग तू सांगितलंस का, माझी आहे म्हणून?

मर्ल : सांगणारच होतो. पण आपला एडविन तिथं शिकारीची नारिंगी टोपी घालून टीव्हीवाल्या बाईला सांगत होता, की ही बंदूक त्या कायदावाल्यांनीच मुद्दाम ठेवली, आपल्याला बदनाम करायला. इतकं पटण्यासारखं बोलत होता गं, मला पण क्षणभर खरं वाटलं.

नदीन : तिच्यावर तुझं नाव कोरलंय.

मर्ल : नाव, आणि क्लबचं चिन्ह. साठीला ही नवी तुम्हीच दिलीत ना सगळ्यांनी! हौस!

नदीन : क्लाइडनं कोरून घेतलं होतं.

मर्ल : हो... मग गेलो पोलिसाकडे. म्हटलं, बाबा, माझी आहे. तरणा पोरगा, नम्र एकदम. म्हणाला, काका, दोन आठवडे आमच्याकडे राहील ही. चौकशी होईपर्यंत. म्हटलं, अरे, पण मी अध्यक्ष आहे! तर म्हणतो, दोन आठवडे बंदूक नसली तर काही होत नाही, काका, जा घरी, सूप प्या.

नदीन : मग?

मर्ल : मग काय. ठेवून घेतली.

नदीन : म्हणजे ठेवून घेता येते.

मर्ल : काय?

नदीन : काही नाही. इतकं सोपं असतं, एवढंच.

मर्ल : नदीन, आता ते काढू नकोस.

नदीन : मी कुठं काढतेय? ऑक्टोबरात तुला फोन केला होता मी. म्हटलं, क्लाइड बरा नाहीये, रात्रभर अंगणात उभा राहतो. त्याच्या बंदुका थोडे दिवस तुझ्याकडे नेऊन ठेव. तुझा धाकटा भाऊ आहे, तुझं ऐकेल.

मर्ल : अगं, हरणाचा हंगाम तोंडावर आलेला! ऐन हंगामात माणसाच्या घरातनं बंदुका उचलायच्या म्हणजे...

नदीन : तू हसलास.

मर्ल : हसलो नाही.

नदीन : हसलास. मग म्हणालास, टर्कीचं गरमागरम सूप करून घाल त्याला, सुधारेल.

मर्ल : वाटलं ते बोललो. आपल्या घरात हेच करतात.

नदीन : केलं मी. त्यानं प्यायलं. वाडगा धुऊन पालथा घातला. आणि मग कोठीत गेला.

मर्ल : अपघात होता तो, नदीन. साफ करताना झाला.

नदीन : बंदूक साफ करायच्या तेलाची बाटली फळीवरच होती. फडकं बाहेर दोरीवर गोठलेलं. मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारलं नाही. तू अपघात म्हणालास, पाद्री म्हणाला, मग मी पण म्हणायला लागले. बरं पडतं. लोक लवकर घरी जातात.

मर्ल : ...हे तू आत बोलणार आहेस?

नदीन : माहीत नाही.

मर्ल : आपली सगळी माणसं असतील तिथं. बसभरून.

नदीन : माहीत आहे. लाउडस्पीकरवर काय सांगतायत?

मर्ल : थांब... अख्खा मजला रिकामा करा म्हणतायत. आणखी कुणी काही विसरलंय का बघणार.

नदीन : आणखी कुणी म्हणजे?

मर्ल : तपासायला लागले तर अजून सापडल्या. एक बायकांच्या बाजूला, एक आमदारांच्या कोटाच्या खुंटीवर. तिसरी कुठं ते सांगत नाहीयेत.

नदीन : थंडीचा जाड कोट घे, मर्ल. बाहेर बर्फ आहे.

मर्ल : जाड कोट कुठं काढला होता मी?

नदीन : संडासात असेल.

मर्ल : तिथं पोलिसांनी पिवळी पट्टी बांधलीय.

नदीन : मग चल तसाच.

...

मर्ल : किती वेळ उभं करणार आहेत या पायऱ्यांवर? दात वाजायला लागले माझे.

नदीन : त्या बाईनं ब्लँकेट दिलंय ते नीट गुंडाळून घे.

मर्ल : ती कायदावाल्यांची आहे. छातीवर बिल्ला बघितलास?

नदीन : ब्लँकेट गरम आहे ना?

मर्ल : गरम आहे. आमच्या लोकांनी साधं विचारलं नाही गं. एडविन माझ्याकडे बघून पलीकडे वळला. कळलं वाटतं सगळ्यांना.

नदीन : टीव्हीवर नाव दाखवलं. क्लबच्या चिन्हासकट.

मर्ल : पन्नास वर्षं, नदीन.

नदीन : हो.

मर्ल : बस निघाली आपली! ए! अरे, अध्यक्षाला टाकून निघाले!

नदीन : जाऊ दे. माझी गाडी आहे, मी नेईन तुला घरी. लोक आत चाललेत बघ. समिती परत बसत असेल.

मर्ल : जायचं आहे का तुला अजून? कंटाळली असशील तर...

नदीन : आलेय तर बोलून जाते.

मर्ल : चल मग. जिन्याशेजारची खोली, सकाळचीच. माणसं पांगली दिसतात. बरं झालं. गर्दी नाही. नदीन, ठरलेलंच बोल हं. का... तू बघ. तुझं तू बघ.

...

अध्यक्षा : या, बाई. खुर्चीत बसा. ते लाल बटण दाबा, म्हणजे आवाज येईल. नाव सांगा, आणि दोन मिनिटांत काय ते बोला.

नदीन : माझं नाव नदीन. माझा नवरा क्लाइड गेल्या हंगामात गेला. अपघातात नाही. सूप पिऊन, वाडगा धुऊन, कोठीत जाऊन गेला. मी ऐकलं. मी भाजी चिरत होते, तर चिरून संपवली आधी. का ते मला माहीत नाही.

मर्ल : नदीन...

अध्यक्षा : मागच्या गृहस्थांनी कृपया शांत बसावं.

नदीन : तो शहाणा माणूस होता. बरा नव्हता, इतकंच. त्याचं त्यालाही कळत होतं. मला म्हणाला, नदीन, या माझ्यापाशी नसत्या तर बरं. म्हटलं, मग देऊन टाकू. तर म्हणाला, कुणाला? क्लबातल्या कुणाकडे दिल्या तर उद्या सगळीकडे बोभाटा होईल. मी त्याच्या भावाला फोन केला. पोलिसांना केला. ते म्हणाले, तुम्ही सांगितलं म्हणून आम्हाला नेता येत नाहीत, बाई, तसा कायदा नाही.

अध्यक्षा : पाणी देऊ का, बाई?

नदीन : नको. मला रडू येत नाही, काळजी करू नका. मला इथं विरोधात बोलायला आणलं होतं. क्लबातली माणसं वाईट नाहीत. थंडीत लाकडं फोडून देतात मला, छपरावरचा बर्फ काढतात. पण मला दोनच आठवडे हवे होते. नंतर त्यानं मला शिव्या दिल्या असत्या, वर्षभर बोलला नसता, चाललं असतं. हा कायदा करा. झालं माझं. दोन मिनिटं झाली?

अध्यक्षा : व्हायचीत अजून. पण... राहू द्या. मागच्या गृहस्थांना काही बोलायचंय? तुम्ही हात वर केलात.

मर्ल : मी... ब्लँकेट सावरत होतो. नाही. बोलायचं नाही. ती बोलली ते बरोबर आहे. मी हसलो होतो, असं लिहून घ्या.

अध्यक्षा : बाई, आम्ही मधे थांबवायला पाहिजे होतं तुम्हाला, पण धीर झाला नाही. आमची मासेमारीच्या परवान्यांची समिती आहे. बंदुकीच्या कायद्याच्या समितीला मघाच्या गोंधळात तळमजल्यावर हलवलं. त्यांचं मतदान केव्हाच झालं, आणि ते जेवायला गेले.