हळदीचा पंजा

माझी ती निळी इलेक्ट्रिक गिटार बघितलीय ना तुम्ही? आमच्या बाबांच्या वयाची आहे ती. मूळचा रंग कधीच गेला, कुंभिवलीच्या गॅरेजमध्ये टेंपोचा रंग मारून नवी केलेली. जुन्या गिटारी जमवणारे शौकीन लोक असल्या, मूळ रंग गेलेल्या गिटारला हात लावत नाहीत, म्हणून तर ती माझ्यासारख्या हळदीत वाजवणाऱ्याच्या नशिबी आली.

कडावच्या एका हळदीला माझा मित्र समीर आला होता. त्याच्याकडेही हुबेहूब अशीच गिटार आहे, पण अस्सल रंगातली, काचेच्या कपाटात. मी वाजवत होतो, तेवढ्यात नवऱ्याची मावशी हळदीची वाटी घेऊन आली. "सगळ्यांना लावली, हीच कोरडी कशी ठेवायची रं?" म्हणत तिने गिटारवर अख्खा पंजा उमटवला.

समीर ओरडलाच, "अहो मावशी!"

"पुसलं की झालं," म्हणत मी गिटार त्याच्याच गळ्यात अडकवली.

त्याने एकच सूर ओढला. मांडवातली पोरंसुद्धा नाचायची थांबली. तो सूर शेतावरून पार डोंगरापर्यंत गेला असेल. समीर त्या पिवळ्या पंज्याकडे बघतच राहिला.

"काय आवाज आहे रे!"

"तुझ्या गिटारचाही असाच असणार."

तो हळूच म्हणाला, "माहीत नाही. मी ती कधी वाजवलीच नाही."