प्रज्ञाची गप्प बसायची अट

मंडळी, सगळ्यांना जय भीम. तलवाड्याचे आपले लोक, गेवराईहून आलेले पाहुणे, अंबाजोगाईहून आलेल्या तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी, एवढ्या उन्हाचं तुमी आलात. मी सुजाता. प्रज्ञाची थोरली बहीण. मला बोलायला उभं केलंय. काय बोलू? तिच्याबद्दल ‘होती’ म्हणायला जीभ वळत न्हाई.

तुमाला ठाऊक हाय, बोलण्यात मी पुढं आणि ती मागं. आई म्हणायची, दोघींच्या वाट्याचं एकटी सुजीच बोलते.

अंबाजोगाईला शिकून ती परत आली आणि आपल्या बायांच्या गोधड्या मोबाईलवरून विकायचं दुकान काढलं. वेबसाईट तिनंच बनवली. दिसायला लई देखणी. पण गिऱ्हाईक यायचं, बघायचं आणि न घेताच जायचं. का म्हणून जातंय, ते कळेना. पुण्याच्या एका कंपनीला विचारलं. ते लोक माणसं बसवून, कॅमेरे लावून वेबसाईट तपासून देतात. त्यांचा भाव ऐकला आणि आमी दोघी हसत सुटलो.

मग प्रज्ञानं आपल्या ऐपतीची रीत काढली. मोबाईलएवढे कागद कापले, त्यावर पेनानं दुकानाची नवी पानं काढली, वेबसाईटवर चढवायच्या आधी दाखवायला. मोबाईलमध्ये एक फुकटचं ॲप घातलं. दुकान मोबाईलवर उघडून दिलं की बोट कुठं फिरतंय ते त्यात भरलं जायचं, बोलणंही भरलं जायचं. झालं, एवढंच सामान. बाकी चहा. गेवराईच्या स्टँडवर गाडीची वाट बघणारी बाई, दळण घेऊन निघालेली मावशी, कुणालाही बसवायची. म्हणायची, “लेकीसाठी एक गोधडी मागवून दाखवा. जमेल तसं.” एवढं सांगून ॲप चालू करायची, आणि मग गप्प बसायची.

गप्प बसायचं, ही तिची अट. समोरचं माणूस अडलं, चुकलं, तरी सांगायचं न्हाई. फक्त बघायचं, कुठं अडतंय. ते मला कुठलं जमायला? मावशीचं बोट जरा थबकलं की मी म्हणणार, “अवो, खालचं हिरवं बटन दाबा.” की माझ्या मांडीला चिमटा. नंतर म्हणायची, “ताई, तू सांगितलंस म्हणून तिला जमलं. गिऱ्हाइकाच्या घरी तू सांगायला जाणार हायस का?”

सरूमावशी, तुमी समोर बसलात म्हणून आठवलं. गोधडीचं चित्र काढलेला कागद तुमच्या हातात दिला, तो तुमी उलटा केला. मागं कोरा. आमी सगळ्या हसलो. ती न्हाई हसली. काय बघत होतात, म्हणून तिनं सगळं आटपल्यावर विचारलं. तुमी म्हणलात, मागचे टाके. दुसऱ्या दिवशी तिनं एकूण एक गोधडी उलटी करून फोटो काढले. तिथून दुकान चालायला लागलं.

आणि त्याच दुकानाचं पार्सल टाकायला ती त्या दिवशी गेलती. उद्या जाते, म्हणत होती. आई म्हणाली, “आजच टाकून ये, लोकं वाट बघत असतील.” हायवेवर ट्रकनं तिच्या स्कुटीला… पुढचं तुमाला माहीत हाय. माझ्यानं सांगवत न्हाई.

तवापासून आई एकच बोलती. मीच धाडलं, मी चुकले. जेवत न्हाई. तुमी सगळ्यांनी समजावलं. मी तर लई बोलले. कुणाचंच तिच्या आत जात न्हाई.

माणूस गेलं की त्याचा आवाज ऐकावा वाटतो. मी तिचा मोबाईल उघडला आणि ती सगळी रेकॉर्डिंगं लावली. एकामागून एक. बायांचे आवाज हायत. बांगड्या हायत. कपबशी हाय. माझी बडबड तर सगळीकडं. तिचा आवाज न्हाई. कसा असणार? ती गप्प बसली होती. एवढी रेकॉर्डिंगं माझ्या बहिणीनं भरली आणि एकातही ती न्हाई. मोबाईल छातीशी धरून मी रडले. म्हणलं, कशाला पाळलीस गं एवढी अट?

मग एक सापडलं. त्यात आई हाय. पत्ता कुठं लिहायचा, ते आई शोधती. सापडत न्हाई. मी तवा घरी नव्हते, म्हणून सगळं शांत. मग आई म्हणती, “मला न्हाई जमत बाई. मी चुकले.” आणि तिथं प्रज्ञानं तिची अट मोडली. माझ्यासाठी कधी मोडली न्हाई, आईसाठी मोडली. म्हणाली, “तू न्हाई चुकलीस, आई. तुझं काईच चुकलं न्हाई. मलाच दुकान नीट मांडता आलं न्हाई.”

ते मी काल आईला ऐकवलं. आईनं मोबाईल कानाला धरला. परत लाव, म्हणाली. परत लाव. मग माझ्या हातानं भाकरीचा एक तुकडा खाल्ला. ती सावरली, असं मी म्हणत न्हाई. एक तुकडा खाल्ला, एवढंच.

आई तिथं खांबाजवळ बसलीय. माझी एक विनंती हाय. इथून जाताना तिला काई समजावू नका. धीर धर म्हणू नका, जेव म्हणू नका. नुसतं शेजारी बसा. ती कुठं अडलीय, ते बघा. प्रज्ञा बसायची तसं.

आता आपण सगळे उभं राहू. ज्यांना उठवत न्हाई, त्यांनी बसूनच राहा. प्रज्ञे, तुला या सगळ्यांचा जय भीम. आज चिमटा काढायला तू न्हाईस. तरी बघ, मी गप्प बसते.