डायलचा काटा

तावडेकाका हल्ली दिसत का नाहीत, म्हणून विचारलंस ना? ऐक तर.

घाटकोपरच्या आमच्या वर्कशॉपच्या गाळ्यात एक शाफ्ट कापायला आला होता. लेथच्या तीन जबड्यांच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, तो किंचित डुगडुगत होता, म्हणून मी आणि माझा पार्टनर सुरेश, आम्ही लेथला चार जबड्यांचा चक चढवला. त्यात प्रत्येक जबडा वेगळा कसायचा, शाफ्टला टेकवलेल्या डायलचा काटा हलायचा थांबेपर्यंत; तेव्हाच शाफ्ट मधोमध बसतो. हे काम कायम तावडेकाकांचं. नजर अधू झाल्यापासून बिचारे घरीच होते.

सुरेश म्हणाला, "बोलवूया ना त्यांना. बरं वाटेल."

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. बराच वेळ एकेक जबडा कसत, सैल करत राहिले. मग डायलला नाक लावून हळूच म्हणाले, "सुरेश, काटा थांबला काय रे?"

काटा हलतच होता. सुरेशने माझ्याकडे पाहिलं, मग तोच म्हणाला,

"थांबला काका. एकदम झकास!"

काका खुलले. "मग लाव कट. माझ्यासमोर होऊ दे."

आता नाही कसं म्हणणार? लावला. वाकडा कापला जाऊन शाफ्टची वाट लागली. काका मात्र शीळ घालत घरी गेले.

संध्याकाळी गाळ्यावर मला काकूंचा फोन. "बाळा, आज किती दिवसांनी पोटभर जेवले रे! विचारतायत, उद्या किती वाजता येऊ?"

मी पटकन म्हटलं, "काकू, सध्या कामच नाहीये हो."

तेवढ्यात मागे सुरेशने लेथ चालू केला. त्याची घरघर काकूंना फोनवर ऐकू गेलीच. "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.