तिसऱ्यातून दुसरा

महांतेश : परत उघडू म्हणताय? अण्णा, एका महिन्यात दोनदा गिअरबॉक्स खोललोय मी. तिसऱ्यांदा पोट फाडलं तर माणूससुद्धा वाचत न्हाई, ही तर छप्पन सालची मोटारसायकल हाय.

वासुदेव : मला काय हौस आहे? चढवताना सगळे गिअर बिनतक्रार पडतात. उतरवताना अडते. चौथ्यातून तिसऱ्यात कशीबशी येते, तिसऱ्यातून दुसऱ्यात येतच नाही. सिग्नलला थांबावं तर गचका बसून इंजिन बंद.

महांतेश : पहिल्या खेपेला तुम्ही म्हणालासा क्लच सुटत न्हाई. केबल बदलली, प्लेटा घासल्या, गिअरबॉक्सबी उघडून बघितला. दुसऱ्या खेपेला म्हणालासा आतली स्प्रिंग मेली. स्प्रिंग नवी घातली, गिअर सरकवणारा फोर्क काढून तुमच्याच हातात दिला. तुम्हीच मायक्रोमीटर लावून बघितलासा.

वासुदेव : बघितला. झीज नव्हती.

महांतेश : मग?

वासुदेव : मग दुसरीकडे कुठंतरी असेल. मी तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलीत, महांतेश. मशीन उगाच अडत नाही. काहीतरी झिजलेलं असतं, नाहीतर वाकलेलं असतं.

महांतेश : आत्ता तुमच्यासमोर सर्कलपर्यंत जाऊन आलो की. चार-तीन-दोन-एक, लोण्यासारखे उतरले.

वासुदेव : तुझ्याकडे उतरतात. माझ्याकडे आली की अडते.

महांतेश : गाडीला माणसं ओळखू येत न्हाईत अण्णा.

वासुदेव : चेष्टा नको. मला आज चेष्टा सोसायची नाही. रात्रभर झोप नाही. सुचेताचा हात ठणकतो. प्लास्टर आहे ना कोपरापर्यंत. दर तासाला उठून उशी नीट करावी लागते.

महांतेश : वैनींना काय झालं? मला कुठं बोललासा?

वासुदेव : मागल्या मंगळवारी पडली. आम्ही बाजारातून येत होतो, ती मागे बसलेली. पुढं रिक्षा थांबली, मी दुसरा टाकायला गेलो, पडला नाही. गाडी बंद पडली आणि कलंडली. मागून बस येत होती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून वाचलो. तिचं मनगट मोडलं. म्हणून म्हणतो, उघड.

महांतेश : अय्यो. आणि तुम्हाला काय लागलं न्हाई?

वासुदेव : नाही. मला काही नाही.

महांतेश : सरी, ठीक हाय. उघडतो. पण आधी स्वल्प बघू दे मला. गाडी स्टँडवर हाय, मागचं चाक मोकळं. तुम्ही बसा, मी किक मारतो. तुम्ही गिअर टाका, मी खाली बसून गिअरची दांडी बघतो.

वासुदेव : हे आधीच करायला हवं होतंस.

महांतेश : हवं होतं. चुकलं माझं. बसा.

(वासुदेव गाडीवर बसतात. महांतेश इंजिन चालू करतो आणि गाडीच्या उजव्या बाजूला उकिडवा बसतो.)

महांतेश : हां, पहिला टाका. अण्णा, वाकताय कशाला? हातानं?

वासुदेव : पहिला मी हातानंच टाकतो.

महांतेश : कवापासनं?

वासुदेव : दिवाळीपासून असेल. दांडी जड लागते वर उचलायला. पुढचे गिअर खाली दाबायचे, ते पायानं होतात.

महांतेश : दांडी जड न्हाई. ही बघा, माझ्या करंगळीनं वर उचलली. ते राहू दे, दुसरा-तिसरा टाका. हां. पडला. हां, तिसराबी पडला. आता उतरवा. पायानं.

वासुदेव : उतरवतोय.

महांतेश : उतरवा की.

वासुदेव : अरे, उचलतोय ना. बघ, अडली. सांगत नव्हतो?

महांतेश : परत एकदा.

वासुदेव : हे बघ. हलते का?

महांतेश : अण्णा, दांडी हलत न्हाई, कारण तुमचा पंजा हलत न्हाई. गुडघा वर येतोय तुमचा. पंजा खालीच लोंबतोय, दांडीला लागतसुद्धा न्हाई.

वासुदेव : काहीतरी बोलू नकोस.

महांतेश : मी हितं वीतभर अंतरावर बसलोय. डोळ्यानं बघतोय.

वासुदेव : बूट नवीन आहेत. तळ जाड आहे. त्यामुळं तुला तसं वाटतं.

महांतेश : कसला वास येतोय हो? रबर जळतंय काय? अण्णा! पाय काढा! उजवा पाय काढा आधी!

वासुदेव : का? कुठं आहे?

महांतेश : सायलेन्सरवर! बुटाची कड वितळून चिकटली! थांबा, मीच ओढतो. बंद करतो इंजिन. उतरा. माझ्या खांद्यावर हात टाका. ह्या स्टुलावर बसा.

वासुदेव : मला कळलं नाही.

महांतेश : बूट काढतो. मोजाबी काढतो. देवा रे. अण्णा, हा केवढा फोड. आणि हा बाजूचा? हा आजचा न्हाई. पिकलाय.

वासुदेव : तो बघितला नव्हता मी.

महांतेश : दुखतंय?

वासुदेव : नाही.

महांतेश : तिकडं बघा, रस्त्याकडं. आता मी कुठलं बोट दाबतोय?

वासुदेव : दाबतोयस का?

महांतेश : जोरात दाबतोय.

वासुदेव : सोड.

महांतेश : साखर हाय तुम्हाला?

वासुदेव : अकरा वर्षं. गोळ्या घेतो. घेतो म्हणजे, आठवलं की घेतो.

महांतेश : आणि डॉक्टर?

वासुदेव : दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. हे बघ, मला अगदीच कळत नव्हतं असं नाही. पावसाळ्यात एकदा घरापासून दूधवाल्यापर्यंत गेलो. तो म्हणाला, साहेब, एकाच पायात चप्पल? दुसरी वाटेत पडलेली. चिखलातून आलो होतो, तरी पत्ता नाही. तेव्हापासून बूट घालतो. लेस घट्ट आवळतो.

महांतेश : वैनींना ठाऊक हाय?

वासुदेव : नाही.

महांतेश : मग गिअरबॉक्स कशाला खोलायला लावलासा हो मला? दोन-दोनदा?

वासुदेव : मला वाटत होतं, सापडेल काहीतरी. एखादा दात तुटलेला. एखादी पिन वाकलेली. खरंच वाटत होतं रे. प्रत्येक खेपेला तू झाकण काढलंस की मी आत बघायचो आणि मनात म्हणायचो, असू दे, काहीतरी असू दे.

महांतेश : पाणी प्या.

वासुदेव : मंगळवारी गाडी बंद पडल्यावर मी पाय टेकला. म्हणजे मला वाटलं, टेकला. गुडघ्यातून जोर लावला. पण पाऊल मुडपलं होतं खाली. मला कळलंच नाही. गाडी नाही पडली, महांतेश. मी पाडली तिला.

महांतेश : तसं बोलू नका.

वासुदेव : आणि अजून एक ऐक. दवाखान्यात तिचं हाड बसवत होते. ती ओठ दाबून बसलेली. तेव्हा तिला मी काय सांगितलं माहीत आहे? म्हणालो, महांतेशचं काम कच्चं आहे. त्यानं गिअर नीट बसवला नाही. समोरचे आप्पाजी आले बघायला, त्यांनाही तेच सांगितलं.

महांतेश : म्हणून काय आप्पाजी परवा त्यांची स्कूटर काढून दुसरीकडं घेऊन गेले?

वासुदेव : गेले?

महांतेश : चौदा वर्षांचं गिऱ्हाईक. काय बोलले न्हाईत. नुसती गाडी ढकलत नेली. मी दोन दिवस डोकं धरून बसलोय, माझं काय चुकलं म्हणून.

वासुदेव : मी जाईन त्यांच्याकडे. स्वतः सांगेन.

महांतेश : जाल तवा जाल. आता आधी पाय.

वासुदेव : महांतेश, एक विचारू? त्या दांडीला मागून एक पट्टी जोडता येईल ना? टाचेनं दाबायची. मग पंजानं उचलायलाच नको. अर्ध्या तासाचं वेल्डिंग.

महांतेश : येईल की. निपाणीत माझ्या बाबांनी कितीकांना करून दिली हाय.

वासुदेव : मग करून दे.

महांतेश : न्हाई.

वासुदेव : अरे, गिअर उतरेल.

महांतेश : गिअर उतरेल. पाय कसा टेकाल? तुमचा पाय सायलेन्सरवर शिजत होता आणि तुम्ही मला बुटाचा तळ जाड हाय म्हणून सांगत होतासा. पट्टी जोडली तर तुम्ही चालवाल. आणि वैनी परत मागं बसतील, कारण तुम्ही म्हणाल गाडी नीट झाली. मी करणार न्हाई अण्णा. दुसऱ्या कुणाकडनं करून घेतलासा तर माझ्या दारात येऊ नका.

वासुदेव : बासष्ट सालापासून चालवतोय.

महांतेश : ठाऊक हाय.

वासुदेव : मी या गावात आलो तेव्हा मला इथली कानडी भाषा येत नव्हती, कुणी ओळखीचं नव्हतं. रविवारी ही गाडी काढायचो आणि देवनहळ्ळीच्या किल्ल्यापर्यंत जाऊन परत यायचो. कुणाशी बोलायला नको. फक्त गिअर बदलायचे.

महांतेश : गाडी कुठं जात न्हाई. डॉक्टर काय म्हणतात बघू. तो म्हणाला सरी, तर मी स्वतः पट्टी जोडतो. न्हाई म्हणाला, तर मी आठवड्याला येऊन इंजिन चालू करून जातो. चला दवाखान्यात, शटर ओढतो.

वासुदेव : रिक्षा बघ.

महांतेश : रिक्षा कशाला? हीच घेतो. मी चालवतो, तुम्ही मागं बसा. पायाला फडकं बांधलंय, खाली टेकवू नका.

वासुदेव : आधी घरी थांबव. वाटेतच आहे. तिला सांगायचंय.

महांतेश : पायाचं?

वासुदेव : पायाचं. आणि तुझं काम चोख होतं, ते. तू समोर असताना सांगतो. नाहीतर मी परत काहीतरी दुसरंच सांगेन.

महांतेश : सरी. या. हळू. धरा मला. बसलासा?

वासुदेव : बसलो. थांब, लगेच सोडू नकोस क्लच.

महांतेश : काय झालं?

वासुदेव : उजवा पाय जागेवर आहे का, तेवढं बघून सांग.