माठवाड्याची पंपा आणि नवा लॅपटॉप

…आणि वरून तिनं इचारलं काय, तर "अहो, लॅपटॉप आणला का मळणीयंत्र?" मळणीयंत्र! आता तुमीच सांगा, माणसानं बायकोसाठी जीव तोडून वस्तू आणायची अन् बायकोनं तिला मळणीयंत्र म्हणायचं? तुमाला सांगतो, आमच्या भागवतसारखा गरीब माणूस अख्ख्या वसमतमधी न्हाई. पाण्याच्या मोटारींचं दुकान त्याचं. मोटारी विकतो, जळालेल्या आतली तांब्याची तार बदलून भरून देतो, कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. बायको साधना. लग्नानंतर शिक्षण सुटलं होतं, ते पोरं मोठी झाल्यावर पुन्हा धरलं, अन् आता नांदेडला पीएच.डी. करून राहिली. खेड्याखेड्यानं हिंडती, पिशवीत लॅपटॉप घालून एसटीनं जाती-येती, अन् घरी आली की लिहीत बसती. काय लिहिती? ते भागवतला म्हाईत न्हाई. 'लिहू नको' असं तो जन्मात म्हणला न्हाई. 'काय लिहून राहिलीस' असंबी म्हणला न्हाई. ती लिहिती, हा मोटारी भरतो, संसार बराबर चालू… सांगा बरं, त्यात भागवतचं काय चुकलं?

पण झालं काय, तिच्या जुन्या लॅपटॉपचा 'र' मेला. हो, 'र'! बाकी सगळी अक्षरं ठणठणीत, एकटा 'र' उठंना. अन् हिला घाई. प्रबंध दिवाळीच्या आत दिला न्हाई तर नोंदणीच रद्द, सगळी मेहनत पाण्यात. म्हणून तिनं तसंच दामटलं अन् नांदेडच्या सरांना पाठवून दिलं. वर लिहिलं, 'आदणीय स'. खाली विषय, 'माठवाड्यातील लोकगीतांची पंपा'. सरांचा फोन आला! "साधनाताई, हा माठवाडा कुठं आला? आन् पंपा म्हणजे काय? मिस्टरांच्या दुकानाची जाहिरात करताय का माझ्याकडून?"

त्या फोनपासून साधनाचं घरात ध्यानच लागंना. भाजीत मीठ न्हाई, चहात साखर न्हाई. आता हे बघून नवऱ्याचं काळीज हलणार का न्हाई? हललं. भागवत म्हणला, गुपचूप नवाकोरा लॅपटॉप आणायचा अन् तिच्या पुढ्यात ठेवायचा. गेला तडक रत्नपालच्या दुकानात. रत्नपाल म्हणजे आमच्याकडं कंप्युटरचं दुकान टाकलेला, लई सज्जन माणूस. त्यानं सरळ इचारलं, "वहिनींना कशासाठी पायजे?"

"लिहायला."

"काय लिहितात?"

आता आली का पंचाईत! भागवत छताकडं बघून म्हणला, "मोठं लिहिती. जाडजूड."

"बाहेर नेतात का घरीच वापरतात?"

"ते… नेत असतील की."

रत्नपालनं एक पातळसा, वहीएवढा लॅपटॉप पुढं ठेवला. भागवतनं तो उचलला अन् तोंड वाकडं केलं. त्याचा सगळा जन्म मोटारी उचलण्यात गेला, त्याचं शास्त्र एकच… वजन हाय म्हणजे आत तांबं हाय! हलकी मोटर म्हणजे फसवणूक! म्हणला, "ह्याच्यात काही भरलंय का नुसतंच खोकं? जड दाखवा!" तेवढ्यात शेजारचा मोबाईलवाला डोकावला, "भाई, गेमवाला लेके जाओ, आँख बंद करके!" मग निघाला तो धिप्पाड, काळा, राक्षसासारखा. चालू केला तर बटणांतून लाल, हिरवा, निळा उजेड, अन् पंखा असा घोंगावला की भागवतनं त्याच्या बुडाखाली हात धरला, हवा लागली, अन् खूश! "हां… हवा बराबर मारून राहिला. हा जळणार न्हाई." रत्नपाल बिचारा हात जोडून म्हणला, "एकडाव वहिनींना तरी इचारा." तर हा म्हणतो, "इचारलं तर गंमत काय राहिली?" खरंच की! सांगा बरं, त्यात भागवतचं काय चुकलं?

साधनानं तो घेतला. चालू केला, पंखा घोंगावला, अन् तवाच तिनं ते मळणीयंत्राचं इचारलं. दुसऱ्या दिवशी घेऊन गेली नांदेडला. संध्याकाळी परत आली ती एका खांद्यानं झुकलेली… अन् मग सुटली! "एसटीत मांडीवर ठेवून काम करत होते, तर शेजारची बाई म्हणते, 'ताई, शेगडी हाय का? बाजूला धरा, लुगडं जळंल.' ग्रंथालयात चालू केला, तर सगळी पोरं माना वर करून बघायला लागली, अन् ग्रंथपाल येऊन म्हणाले, 'मॅडम, वरात बाहेर न्या!' अहो, तुमी मला एकदा, फक्त एकदा इचारलं का, मी काय करती म्हणून?"

भागवत म्हणला, "पण 'र' येतो ना?"

असं बोलू नये. पण बोलून गेला.

सकाळी दोघं गेले रत्नपालकडं. साधनानं तो पहिला, वहीएवढाच उचलला, बटणं दाबून बघितली, चार्जिंग किती टिकतं ते इचारलं, झालं! भागवतला चहाबी पिऊ दिला न्हाई. रत्नपालनं मोठा परत घेतला, जुन्यातलं सगळं काढून नव्यात भरलं, अन् नीट आलं का ते बघायला साधनानं खेड्यांत रेकॉर्ड केलेली एक आवाजाची फाईल लावली. तर दुकानात कोण बोलावं? मंजुळाबाई! भागवतची माय! शिरड शहापुरात राहणारी, चांगली खणखणीत म्हातारी. गाऊन राहिली…

"हळदीच्या वावरात, लेक माझा लोळला,
न लावता हळद बाई, नवरदेव शोभला…"

भागवत उभा होता तो खाली बसला. मायचं गाणं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. म्हणजे ऐकलं असंल, पण कान दिला नव्हता. डोळ्याला पाणी आलं, रुमाल काढला… अन् गाणं मधीच थांबलं. म्हातारी म्हणती, "साधना, हे चालूच हाय का गं? असू दे, हेबी लिही. माझं लेकरू लई गुणाचं, पण इचारायचं म्हणून त्याला म्हाईत न्हाई. बापावर गेलंय मेलं!"

रत्नपाल पाठ फिरवून हसला. मोबाईलवाला तोंडावर हसला. साधना मात्र हसली न्हाई, नवऱ्याकडं बघत राहिली. दुकानाच्या पायऱ्या उतरताना भागवतनं लग्नानंतर पहिल्यांदा इचारलं, "साधना… काय लिहून राहिलीस गं तू?"

बास. धरण फुटलं की हो! त्या दिवसापासून रोज जेवणं झाली की ती नवा लॅपटॉप उघडती अन् ह्याला समोर बसवून वाचून दाखवती. प्रस्तावना झाली, पहिलं प्रकरण झालं, दुसरं झालं. मायचं गाणं आलं की हा म्हणतो, "पुन्हा वाच." तळटिपासुद्धा ऐकल्या त्यानं! चुका काढायला लागला, वाद घालायला लागला. प्रबंध दिवाळीच्या आत गेला, सरांनी शाबासकी दिली, साधनाच्या तोंडावर असं हसू की काय सांगू… समदं चांगलं झालं. पण भागवत कामातून गेला!

परवा मी सोता गेलो त्याच्याकडं. म्हणलं, "भागवत, विहिरीवरची मोटर जळली, हळद सुकून राहिली, तेवढी भरून दे."

त्यानं मोटारीला हात लावला न्हाई. म्हणतो कसा, "जळली असं कोण म्हणतं?"

म्हणलं, "आमची मंडळी म्हणती."

"तिनं डोळ्यानं बघितली का?"

"न्हाई बा, वास आला."

"मग ही ऐकीव माहिती झाली. आजूबाजूच्या विहिरीवरच्या मोटारी बघितल्या का? आधी तुलना करून या."

काहून वाद घालावा? मोटर उचलली, घरी आलो, दोर-बादली काढली. तुमाला सांगतो, शिकलेल्या माणसाकडून मोटर भरून घेण्यापरीस… पाणी शेंदलेलं बरं!